‘द रूकी’ पाहून सुचलेला धागा: उशिरा काय सुरू केलंत, आणि तेव्हा घर कोण बघत होतं?

रविवारी मुलाबरोबर ‘द रूकी’ हा खऱ्या गोष्टीवरचा सिनेमा परत पाहिला. २००२ चा, डेनिस क्वेडचा. आम्ही डॅलसजवळ राहतो, त्यामुळे टेक्सासची ती धूळ ओळखीची. गावाचं नाव बिग लेक, आणि तळं जवळजवळ कायम कोरडं! तिथल्या शाळेत जिम मॉरिस विज्ञान शिकवायचा आणि पोरांच्या बेसबॉल संघाचा कोच होता. हाताच्या दुखापतींनी त्याचं स्वतःचं खेळणं तरुणपणीच संपलेलं. १९९९ मध्ये पोरांनी पैज लावली: आम्ही डिस्ट्रिक्टची स्पर्धा जिंकलो तर सर, तुम्ही ट्रायआउट, म्हणजे व्यावसायिक संघाची निवड चाचणी, द्यायची. पोरं जिंकली. सर स्वतःच्या तिन्ही मुलांना बरोबर घेऊन गेले आणि ९८ मैलांच्या वेगाने चेंडू टाकून आले. ताशी १५८ किलोमीटर, आपल्या हिशेबाने शोएब अख्तरच म्हणा. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला, पस्तिसाव्या वर्षी, आर्लिंग्टनला मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, पहिल्यांदा उतरले आणि समोर आलेल्या पहिल्याच फलंदाजाला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये बाद, केलं.

लोक त्या स्ट्राइकआउटला रडतात. मला रडू येतं ते तो बाबा ट्रायआउटला पोरं सांभाळत आपला नंबर यायची वाट बघतो तेव्हा. मी नऊ वर्षं एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो तो) घरी होते. ४४ व्या वर्षी शिक्षकाच्या परवान्याची परीक्षा दिली, आणि नेमका त्याच सकाळी धाकट्याला ताप. नवरा म्हणाला, “तू जा, मी बघतो.” लग्नाला सतरा वर्षं झाली होती, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

तर लिहा. छोटं-मोठं काहीही चालेल.

* * *

मी सातवीत शाळा सोडली. ४१ व्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले. सासूबाई म्हणाल्या, “आता काय कलेक्टर होणारेस?” बीजगणित लेकानं शिकवलं. तो नववीत, मी दहावीला, आणि ओरडायचा असा की मास्तर परवडला.

पहिल्या पेपरला दारावरच्या बाईंनी अडवलं, “पालकांनी बाहेर थांबा.” हॉल तिकीट दाखवलं तर फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मागच्या पोरी हसायला लागल्या. त्यांच्यातलीच एक मग रोज माझ्यासाठी जागा धरायची, झाडाखाली, डबा खायला.

गणितात ३७. पण पास. परीक्षेचे सगळे दिवस भाकऱ्या सासूबाईंनी थापल्या. बोलल्या काही नाहीत, मीही विचारलं नाही.

* * *

थोडं कडू लिहितो, राग नसावा.

बेसबॉल कशाला, आपल्याकडे प्रवीण तांबे आहे की. प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळता २०१३ मध्ये, ४१ व्या वर्षी, थेट आयपीएल. पुढच्या वर्षी कोलकात्याविरुद्ध हॅटट्रिक. त्याच्यावरही सिनेमा निघाला, श्रेयस तळपदेचा. मी दोनदा पाहिला.

पण मी त्याच मैदानांवरचा दुसरा माणूस. बँकेत नोकरी, डावखुरी फिरकी, पावसाळ्यात मुंबईची कांगा लीग. गुडघाभर गवत, चेंडू साबणासारखा निसटायचा. ३८ व्या वर्षी परत सुरू केलं, ४५ पर्यंत रेटलं. कोणी बघायला आलं नाही. ट्रायआउट नाही, फोन नाही, काही नाही. बायको शनिवारी रात्री किट उन्हात... म्हणजे पंख्याखाली वाळत घालायची, ऊन कुठलं पावसाळ्यात. आमच्यासारखे शेकडो असतात आणि त्यांच्यावर सिनेमा निघत नाही.

मॉरिससुद्धा मेजर लीगचे २१ सामने खेळला, बस. मे २००० मध्ये संपलं. सिनेमा तिथवर जात नाही. मला मात्र तोच भाग बघायचा होता.

* * *

मी दुसऱ्या बाजूची. स्वप्न नवऱ्याचं, हप्ते माझे.

४९ व्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि राजापूरकडे वडिलोपार्जित जमिनीत हापूसची कलमं लावली. मी ठाण्यात, मुलीची बारावी आणि फ्लॅटचं कर्ज घेऊन. पहिली काही वर्षं नुसतं पाणी घालायचं, आंबा नाही. मग मोहर आला तर तुडतुड्याने खाल्ला. फोनवर ते मोहराचं सांगायचे आणि मी मेंटेनन्सच्या नोटिशीचं.

‘द रूकी’तली बायको आधी नाही म्हणते, मग मुलाकडे बघून हो म्हणते. पाच-दहा मिनिटांत आटोपलं. माझं ‘हो’ व्हायला दोन वर्षं लागली, आणि अजूनही ते पूर्ण झालंय असं नाही. पहिल्यांदा आंबे आले तेव्हा हे सहा डझन घेऊन एसटीने पहाटे घरी आले. अढी आमच्या पलंगाखाली घातली. आठवडाभर त्या वासात झोपलो. भांडणही त्याच वासात झालं.

* * *

वरच्या ताईंचं वाचून गप्पच झालो. माझं फारच किरकोळ आहे.

वय ६३, निवृत्त. हार्मोनियमची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा, दिली. बाहेर बाकावर सगळी आठ-नऊ वर्षांची पोरं, त्यांच्या आया, आणि मधे मी. एका आईने विचारलं, “नातू आत गेलाय का?” हो म्हणालो. सोपं वाटलं.

आत परीक्षक माझ्या मुलाच्या वयाचे. मी बसल्यावर ते उगाच उठून उभे राहिले, मग आम्ही दोघंही अवघडलो. भूप वाजवला. आरोहात बोट अडकलं. “सावकाश, काका,” म्हणाले. घरी हिने वरणभात लावून ठेवला होता, विचारलं, “काय वाजवलंत?” तिला परत पहिल्यापासून वाजवून दाखवलं, तेव्हा नाही अडकलं.

निकाल अजून लागायचाय.