भाव करण्यापुरती स्वाहिली

टांझानियाला निघालेल्या मंडळींना तिथल्या स्वाहिली भाषेतले जांबो (नमस्कार), असांते (धन्यवाद), क्वाहेरी (निरोप घेताना) हे शब्द माहीत असतील, त्यात थोडी भर. 'जांबो' हे बहुतेक पर्यटकांशीच बोलतात. गावातल्या लोकांत 'हुजांबो?' (कसे आहात?) विचारलं की 'सिजांबो' (बरा आहे) म्हणायचं. पोरंटोरं 'मांबो?' (काय चाललंय?) म्हणतात, त्याला उत्तर 'पोआ' (मस्त). वडीलधाऱ्यांना मात्र 'शिकामो' म्हणायचं. ते 'मराहाबा' म्हणतील. हे चुकवू नका, तिथे त्याला मान आहे.

बाजारात 'बेई गानी?' म्हणजे भाव काय, आणि 'पुंगुझा बेई' म्हणजे भाव कमी करा. एवढ्यावर बरंच काम भागतं. हॉटेलात 'नाओंबा माजी', म्हणजे पाणी द्या. चाय, चपाती, गारी, पेसा हे शब्द तर आपल्याला शिकावेही लागत नाहीत.

खरी गोची वेळेची. तिथला दिवस सूर्योदयापासून मोजतात. त्यामुळे 'सा मोजा' म्हणजे शब्दशः एक वाजला, पण घड्याळात सकाळचे ७. कुणी 'बासी लिनाओंदोका सा म्बिली असुबुही' म्हणालं तर बस सकाळी ८ ला सुटते. बोललेल्या आकड्यात सरळ ६ मिळवा. तिकिटावर छापलेली वेळ कुठल्या पद्धतीची आहे तेही विचारून घ्या, नाहीतर स्टँडवर बसा शेंगा खात!

क्रियापदं सुटसुटीत आहेत. 'निलिकुजा जाना' म्हणजे मी काल आलो, 'निताकुजा केशो' म्हणजे मी उद्या येईन. मधला 'लि' भूतकाळाचा, 'ता' भविष्याचा. आलो-आले भानगड नाही, बाईमाणसालाही तेच रूप.