मदत हवी आहे: आईचा आरोग्य विम्याचा क्लेम फेटाळला, आता काय करू?

नमस्कार. आईच्या पॉलिसीचं हे चौथं वर्ष. एकही हप्ता चुकवलेला नाही. मागच्या महिन्यात तिची अँजिओप्लास्टी झाली. आधी कॅशलेस नाकारलं, म्हणून उसनवारी करून बिल भरलं. आता क्लेमही फेटाळलाय. कारण काय, तर 'आधीपासूनचा आजार लपवला'.

हे आलं कुठून, तर डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीतून: 'दहा वर्षांपासून रक्तदाब'. प्रत्यक्षात तिची गोळी सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झालीत आणि पहिली चिठ्ठी माझ्याकडे आहे. रात्री दोन वाजता भरती करताना कुणीतरी घाईत विचारलं. छातीत कळा येत असताना ती काय बोलली, हे तिलाही आठवत नाही. त्या एका ओळीवर सगळं अडलंय.

त्यात यंदा हप्ता जवळजवळ दीडपट झालाय. वयाचा टप्पा बदलला की हप्ता वाढतो, हे मान्य. पण गरजेच्या वेळी हात वर करणाऱ्यांना एवढे पैसे द्यायचे, याचा फार संताप होतो. बंदही करता येत नाही, कारण नवीन पॉलिसीत प्रतीक्षा कालावधी (आधीच्या आजारांना कव्हर मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) पुन्हा पहिल्यापासून मोजतील.

कुणी यातून गेलंय का? उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं दुरुस्तीपत्र आणि ती जुनी चिठ्ठी पुरेशी होईल का? पॉलिसी घेतानाचा प्रस्ताव अर्ज एजंटने भरला होता, त्याची प्रत मागून घेऊ का? आणि तक्रार चालू असताना पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट केली, तर या क्लेमवर परिणाम होतो का?