मदत हवी आहे : कुरुपावर कोळकांदा बांधू का? आणि खोकल्यावर द्यायचा का?

नमस्कार. माझ्या बाबांच्या (वय 71) उजव्या तळव्याला कुरूप झालंय. दोनदा कापून घेतलं, पुन्हा आलं. पाऊल टेकलं की खडा टोचतो म्हणतात. परवा राजापूरकडून काका आले ते पिशवीत दोन कोळकांदे, म्हणजे कांद्यासारखे रानटी कंद, घेऊन. सड्यावरचे (कातळाच्या पठारावरचे), मुठीएवढे, पांढरट. अर्धा चिरून तव्यावर गरम कर, सोसेल इतपत ऊन असताना रात्री कुरुपावर बांध, मूळ सुटून येतं, असं त्यांनी सांगितलं. आजी हे करायची, मलाही आठवतं. चिरायला घेण्याआधी ती हातांना खोबरेल चोळायची, कारण रस लागला की खाज सुटते.

पण काका पुढे म्हणाले, बाबांचा जुना खोकलाही यानेच जाईल, वाळवून चूर्ण कर आणि मधातून चाटव. तिथे माझा जीव घाबरला. बाबा हृदयासाठी डिगॉक्सिन घेतात, शिवाय मधुमेह आहे. आणि त्यांना भावाचा शब्द प्रमाण!

हा कोळकांदाच आहे हे कसं ओळखू? पापुद्रे नेहमीच्या कांद्यासारखे आहेत, पण कांद्याचा वास अजिबात येत नाही. यातलं काही करावं का? कृपया ज्यांना माहिती आहे त्यांनी लवकर सांगा, काका रविवारपर्यंत इथे आहेत.

प्रतिसाद :
ताई, चूर्ण अजिबात देऊ नका. काका खोटं सांगत नाहीत. कोळकांदा कफ सुटायला पूर्वापार वापरतात, भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या भावंडाचं औषध युरोपातही खोकल्यावर देत. पण त्यातली द्रव्यं हृदयावर डिगॉक्सिनसारखीच काम करतात. म्हणजे बाबांना एकाच जातीचं औषध दुप्पट होईल. आधीच चाटवलं असेल आणि मळमळ, उलटी, नाडी मंद होणं, नजर पिवळसर किंवा धूसर होणं यातलं काहीही दिसलं, तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. काकांना 'हृदयाच्या गोळीशी जुळत नाही' एवढंच सांगा, ते समजून घेतील.

बांधण्याचं म्हणाल तर तुमच्या आजीच्या हातचा उपाय धडधाकट पायांसाठी होता. कोळकांद्याचा रस कातडी पोळवतो. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. बाबांचा पाय डॉक्टरांनाच दाखवा, आणि चपलेचा तळही बघा. तिथे दाब राहिला तर कुरूप कितीही वेळा कापलं तरी परत येतं.

वास नाही ही खूण कोळकांद्याशी जुळते, पण तेवढ्यावर विसंबू नका. एक कांदा कुंडीत लावा, मुलांच्या आणि मांजराच्या वाटेत नको. उन्हाळ्यात पान नसताना मातीतून नुसता उंच दांडा वर आला, त्याला फिकट, लहान, खाली मान घातलेली फुलं लागली आणि ती दिवस कलल्यावर उमलली, तर तो कोळकांदा. पानं त्यानंतर, पावसात येतात.