लिव्हर डिटॉक्स आणि काढे

वर कुणीतरी लिहिलंय की लिव्हर साफ करायला महिन्यातून एकदा डिटॉक्स काढा घ्यावा, त्याबद्दल थोडं. लिव्हरमधे घाण अशी साठून रहात नाही हो, तिथे पदार्थांचं रूपच बदलतं. आतड्यातून शोषलेलं जवळपास सगळं (बरीचशी फॅट सोडून, ती लिम्फच्या वेगळ्या नळ्यांमधून जाते) पोर्टल व्हेन या रक्तवाहिनीने आधी लिव्हरकडे येतं, त्याला मिळणारं साधारण 75 टक्के रक्त याच वाटेने येतं. प्रोटीन मोडताना जो अमोनिया बनतो त्याचा तिथे युरिया होतो आणि मग किडनी तो लघवीतून टाकते, सिरॉसिसमधे (लिव्हर खराब होऊन कडक पडतं तो आजार) हेच नीट होत नाही म्हणून पेशंटला गुंगी येते, असंबद्ध बडबड सुरू होते, घरच्यांना वाटतं वयामुळे असेल.

आता काढा पण त्याच वाटेने जाणार ना? 2021 मधे मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले 6 पेशंट नोंदवले होते, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण ज्यांना आधीच लिव्हरचा त्रास आहे त्यांनी तरी प्लीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. आणि एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आली तरी फॅटी लिव्हर असू शकतं, शुगर किंवा पोटाचा घेर वाढलेला असेल तर सोनोग्राफीबद्दल विचारून बघा.