हळर्णच्या नावाची मार्केझा नेमकी कोण होती?

शापोरा_काठ:

नमस्कार मंडळी. माझं आजोळ पेडणे तालुक्यातलं हळर्ण. शापोरा नदीकाठचा तिथला चिऱ्यांचा किल्ला आमच्या लहानपणी पुरता रानात गेला होता, आजी खंदकाच्या पलीकडे जाऊ देत नसे. आता डागडुजी झाल्यापासून लोक फोटो काढायला येतात. परवा लिस्बनला असलेल्या भाच्यानं तिथल्या एका शाळेचा फोटो पाठवला. पाटीवर नाव ‘मार्केझा द आलॉर्ना’, म्हणजे आलॉर्नाची सरदारीण. विचारतो, मावशी, हे आपलंच हळर्ण का गं?

थोडं शोधलं तर एके ठिकाणी ती दुर्दैवी कवयित्री, दुसरीकडे नेपोलियनविरुद्ध कट करणारी बाई. ही कधी गोव्यात आली होती का? आणि तिनं राजकारण केलं म्हणजे काय केलं? जाणकारांनी सांगावं.

जुने_कागद:

ताई, हळर्ण तुमचंच, आलॉर्ना हा त्याचाच पोर्तुगीज उच्चार. ती स्वतः मात्र गोव्यात कधी आली नाही.

तिचे वडिलांकडचे आजोबा दों पेद्रु मिगेल द आल्मेदा १७४४ ते १७५० इथं विजरई, म्हणजे पोर्तुगालच्या राजाचे गोव्यातले मुख्य कारभारी होते. आले तेव्हा त्यांचा किताब मार्केझ द काश्तेलु नोव्हु असा होता. मे १७४६ मध्ये त्यांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला, आणि १७४८ मध्ये पोर्तुगालच्या राजानं त्यांचा किताब बदलून मार्केझ द आलॉर्ना केला. लिस्बनच्या शाळेवरचं नाव ते हे.

पण हिची गोष्ट नीट कळायची तर आईकडच्या आजोबांपासून सुरुवात करावी लागते. पेद्रु मिगेलनंतर १७५० मध्ये विजरई होऊन आले ते फ्रांसिश्कु द आसिश द ताव्होरा. बरोबर त्यांची बायको लिओनोर. ताव्होरा घराण्याची खरी वारस तीच, नवरा तिच्यामुळे मार्केझ. नात, म्हणजे तुमची मार्केझा, ३१ ऑक्टोबर १७५० ला लिस्बनमध्ये जन्मली तेव्हा हे आजी-आजोबा गोव्यात होते. नातीला नाव आजीचंच, लिओनोर. ताव्होरांनी १७५२ मध्ये सौंदेकरांकडून कारवारजवळचा सदाशिवगड घेतला आणि १७५४ मध्ये कारभार सोडून ते परत निघाले.

तिकडे राजा दों जुझे आणि त्याचा प्रधान, पुढे मार्केझ द पोंबाल म्हणून गाजला तो. जुन्या सरदार घराण्यांना तो पाण्यात पाहायचा, आणि थोरल्या लिओनोरचंही त्याच्याशी उघड वाकडं. तिचा कबुलीगुरू, म्हणजे जिच्याकडून पापांची कबुली ऐकायचा तो, मालाग्रिदा नावाचा जेझुइट पाद्री. १७५५ चा लिस्बनचा भूकंप हा देवाचा कोप आहे असं छापल्याबद्दल पोंबालनं त्याला लिस्बनबाहेर घालवलेलं, तरी थोरली लिओनोर त्याच्याकडे जात राहिली. तशात राजाचे संबंध तिच्याच सुनेशी. ३ सप्टेंबर १७५८ च्या रात्री राजाच्या बग्गीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पोंबालला हवी ती संधी मिळाली. १३ जानेवारी १७५९ ला लिस्बनच्या बेलें भागात उभारलेल्या मचाणावर पहिली आणली ती लिओनोर. तिचा शिरच्छेद केला. मग त्याच जागी दोन मुलगे, एक जावई, नवरा. प्रेतं मचाणासकट जाळून राख तेजु नदीत टाकली. ताव्होरा हे नाव लावायलाच बंदी झाली, सिंत्राच्या राजवाड्यातलं त्यांचं राजचिन्हही पुसलं.

तुमची मार्केझा तेव्हा ८ वर्षांची. ताव्होरांचा दुसरा जावई एवढ्यावरून तिच्या वडिलांना जुंकेराच्या किल्ल्यात डांबलं, आणि आई व बहिणीसह हिला लिस्बनमधल्या शेलाशच्या जोगिणींच्या मठात. सुटका १७७७ मध्ये, राजा वारल्यावर. तोवर ती २६ वर्षांची झाली होती.

त्या मठातच तिचं राजकारण सुरू झालं असं मी मानतो. कैदेतल्या बापाला ती चोरून पत्रं पाठवायची, त्याची उत्तरं यायची. लॅटिन शिकली, फ्रेंच शिकली, व्होल्तेर वाचला. ‘आल्सिपी’ या नावानं लिहिलेल्या तिच्या कविता मठाबाहेर पोचून लोक त्या वाचत होते. ज्या सरकारनं घराण्याचं नाव पुसलं त्याच्या बंदोबस्तात राहून एका पोरीनं आपलं नाव शहरभर केलं. तिला नुसती दुर्दैवी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी.

कुडाळी_वाट:

माहिती छान, पण एक बाजू राहिली. किल्ला घेतला म्हणून किताब मिळाला हे ठीक, पण पेडणे महाल पोर्तुगिजांकडे कायमचा गेला तो १७८८ मध्ये. मधली चाळीसेक वर्षं हा मुलूख भोसले आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत भरडला गेला. लिस्बनला लोक ‘आलॉर्ना’ म्हणून मिरवत होते तेव्हा इथला कुळवाडी कोणाला सारा द्यायचा या विवंचनेत होता. तिला थोर म्हणताना हेही लिहा.

शिवाय त्या काळची कर्तबगार बाई शोधायला लिस्बनला कशाला जायचं? सावंतवाडीचे भोसले राजे तिसरे खेम सावंत, त्यांची राणी लक्ष्मीबाई म्हणजे जयाप्पा शिंद्यांची लेक, महादजींची पुतणी. या सोयरिकीमुळे सावंतवाडीला दिल्लीपर्यंत वशिला मिळाला आणि बादशहाकडून राजेबहादूर किताब आला. १८०३ मध्ये खेम सावंत वारले, पोटी वारस नाही. तेव्हा गादीच्या भांडणात कारभार तिनंच हाकला, आणि तिच्यामागून दुसरी राणी दुर्गाबाई हिनं. लक्ष्मीबाईच्या कविता नाहीत म्हणून तिच्या नावाची शाळा नाही, एवढंच.

जुने_कागद:

कुडाळी_वाट, कुळवाड्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लक्ष्मीबाईंवर तुम्ही वेगळा धागा काढाच, मी वाचायला बसलोय.

ताईंचा प्रश्न अर्धा राहिला होता, म्हणून पुढचं. सुटल्यावर १७७९ मध्ये तिनं ओयेनहाउझेन नावाच्या जर्मन काउंटशी लग्न केलं. नवऱ्याला व्हिएन्नाची वकिलात मिळावी म्हणून राणी मारियाकडे शब्द टाकला तो हिनंच. १७८० मध्ये दोघं तिकडे गेली. इकडे तिच्या वडिलांनी ताव्होरा खटला पुन्हा उघडावा म्हणून दरबारात ठाण मांडलं, आणि १७८१ च्या फेरनिकालात ताव्होरा निर्दोष ठरले. आजीचा शिरच्छेद होऊन तेव्हा २२ वर्षं झाली होती.

१७९३ मध्ये नवरा गेला. पदरात मुलं आणि पैशाची ओढाताण. अशात ती स्वस्थ बसली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण फ्रान्सचा धोका वाढू लागला तसा तिनं नेपोलियनविरोधी माणसांचा एक गुप्त गट जमवला, सोसिएदाद द रोझा, म्हणजे गुलाब मंडळ. पोलिसांच्या डोळ्यांवर आलं आणि तिला देश सोडावा लागला. १८१४ पर्यंत ती इंग्लंडमध्ये होती.

आता यातलं सगळ्यात अवघड. तिचा सख्खा भाऊ पेद्रु, तिसरा मार्केझ, नेपोलियनच्या फौजेतल्या पोर्तुगीज पलटणीचा सेनापती झाला. देशद्रोही ठरला आणि १८१३ मध्ये दूर क्योनिग्सबर्गला वारला. बहीण नेपोलियनविरुद्ध परागंदा, भाऊ त्याच्याच चाकरीत. तरी परत आल्यावर तिनं भावाच्या नावावरचा डाग काढण्यासाठी सरकारशी भांडण मांडलं आणि ते तडीस नेलं. किताब तिच्याकडे आला तो भावामागून. पुढे बेंफिकाला तिच्या घरी लिहिणारी तरुण मंडळी जमत. आलेशांद्री एर्कुलानु हा पोर्तुगालचा मोठा इतिहासकार त्यांतलाच.

शापोरा_काठ:

देव बरें करूं! आठ वर्षांची पोर मठात, हे वाचून पुढचं वाचवेना, थांबून पुन्हा वाचलं. कुडाळी_वाट, तुमचंही पटलं. आमच्या आजीच्या तोंडी भोसल्यांच्याच गोष्टी असायच्या, विजरईचं नावसुद्धा नाही.

भाचा तिथंच आहे अजून. त्याला काय बघायला सांगू?

जुने_कागद:

शेलाशचा मठ उभा आहे, आत लष्कराचं दफ्तर आहे. बाहेरून तरी बघू दे. बेलेंमध्ये ‘बेकु दु शांव साल्गादु’ नावाची एक बोळ आहे. त्याच खटल्यात मारलेल्या आव्हेरुच्या ड्यूकचा वाडा तिथं पाडून जमिनीत मीठ पेरलं होतं. इथं कधीही काही बांधू नये असा हुकूम कोरलेला दगडी खांब आजही तिथं आहे, त्याचा फोटो मागवा. तिच्या कवितांचे सहा खंड तिच्या मृत्यूनंतर १८४४ मध्ये निघाले, त्याला पोर्तुगीज येत असेल तर मठातल्या कविता आधी वाचायला सांगा.

आणि तुम्ही जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वरच्या मजल्यावर जा. विजरईंच्या तसबिरी तिथं आहेत. शुक्रवारी बंद असतं.