'शुद्ध हिरा' म्हणजे नेमका कसा?

विचारणा: भाचीच्या साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी बघतोय. एका पेढीवर म्हणाले "एकदम शुद्ध हिरा", दुसऱ्या ठिकाणी "ईएफ-व्हीव्हीएस". सोन्यात २२ कॅरेट म्हटलं की शुद्धता कळते. हिऱ्यात शुद्धता कशी मोजतात? आणि 'क्लॅरिटी'ला मराठीत शुद्धता म्हणावं का?

उत्तर: म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या शब्दानेच गिऱ्हाइकाची फसगत होते.

आधी कॅरेटचं बघू. सोन्यातला कॅरेट म्हणजे २४ भागांतले किती भाग सोनं. हिऱ्यातला कॅरेट हे निव्वळ वजन आहे: १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. "एक कॅरेटचा हिरा" यावरून तो चांगला की वाईट हे काहीच कळत नाही.

क्लॅरिटी म्हणजे दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून हिऱ्यात किती दोष दिसतात, त्याची प्रत. आपल्या जुन्या रत्नशास्त्रात या दोषांना बिंदू, रेखा, काकपद अशी नावंच आहेत. हिरे तपासणाऱ्या संस्थांच्या आजच्या अहवालात 'पिनपॉइंट' लिहितात तो बिंदूच, आणि 'फेदर' म्हणजे आतली चीर. म्हणून माझी पसंती 'निर्दोषता'ला. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय या तिच्या उतरत्या प्रती. व्हीव्हीएसमधले दोष तज्ज्ञालाही भिंगातून मुश्किलीने सापडतात. व्हीएसमध्ये ते किरकोळ असतात. एसआयमध्ये भिंगाखाली सहज दिसतात, पण नुसत्या डोळ्यांना बरेचदा दिसत नाहीत. अंगठी बोटात घालायची असेल तर हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण व्हीव्हीएससाठी मोजलेले जादा पैसे भिंगाशिवाय कुणालाच दिसणार नाहीत.

आता 'शुद्धता' का नको ते सांगतो. हिऱ्यात पिवळसर झाक येते ती बहुधा नायट्रोजनमुळे. म्हणजे एखादा हिरा रसायनाच्या दृष्टीने 'अशुद्ध', रंगाने पिवळट, आणि तरी क्लॅरिटीत व्हीव्हीएस असू शकतो. "शुद्ध आहे हो" म्हणत असा हिरा विकला तर विकणारा खोटं बोलला असं म्हणता येत नाही आणि घेणारा मात्र नाडला जातो.

विचारणा: मग 'पाणी' हा आपला शब्द का नको? पाणीदार हिरा म्हणतोच की आपण.

उत्तर: सुंदर शब्द आहे, लिहिताना जरूर वापरावा. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची ख्याती या पाण्यासाठीच होती. कोहिनूर त्यांतलाच, त्याच्यात नायट्रोजन जवळजवळ नाहीच. अडचण एवढीच, की पाणी म्हटल्यावर रंग, निर्दोषता आणि झळाळी सगळं एकत्र येतं, आणि भाव ठरताना ते वेगवेगळं मोजतात. अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५० च्या दशकात ही मोजपट्टी रूढ केली. तिच्यात रंगाची अक्षरं डीपासून झेडपर्यंत जातात. तुम्ही ऐकलेलं 'ईएफ' म्हणजे त्यांतली ई किंवा एफ. ए, बी, सी ही अक्षरं आधी व्यापारी आपापल्या सोयीने वापरत होते, म्हणून ती मुद्दाम सोडली.

डी म्हणजे 'पांढरा' हिरा असंही म्हणू नका. डी म्हणजे रंगहीन. पांढरट, दुधी दिसणारा हिरा हा उणाच. ('बेरंग' तर मराठीत भलत्याच अर्थाने जातो!)

झळाळी येते ती कटमुळे. कट म्हणजे गोल, चौकोनी असा आकार नव्हे. पैलू किती नेमक्या कोनांत पाडलेत, ते म्हणजे कट. खोली कमी ठेवली तर प्रकाश खालून निसटतो. फाजील ठेवली तर वजन तळाशी लपतं आणि १ कॅरेटचे पैसे मोजूनही हिरा लहान दिसतो. नीट घडलेला १ कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर भरतो. जीआयएच्या अहवालात गोल हिऱ्याच्या कटची प्रत २००६ पासून येते. माझ्या मते पैसे आधी इथे घालावेत, निर्दोषतेचं नंतर बघावं.

विचारणा: आणि 'खरा हिरा'? लॅबमधला खोटा का?

उत्तर: खोटा नाही. तोही कार्बनचा, तेवढाच कठीण. 'अमेरिकन डायमंड' मात्र हिराच नव्हे, ते झिर्कोनिया. म्हणून खरा-खोटा सोडून 'खाणीतला' आणि 'प्रयोगशाळेतला' म्हणावं, कारण दोघांच्या भावात आणि परत विकताना मिळणाऱ्या किमतीत मोठी तफावत आहे.

पावतीवर 'शुद्ध हिरा' चालवून घेऊ नका. खाणीतला की प्रयोगशाळेतला, वजन, रंग, क्लॅरिटी, कट आणि अहवालाचा क्रमांक लिहून घ्या. 'ईएफ' किंवा 'व्हीव्हीएस-व्हीएस' अशी जोडप्रत असेल तर मोठ्या खड्याची नेमकी प्रत विचारा. एकूण वजन लिहिलं असेल तर मधला खडा किती सेंटचा तेही वेगळं लिहायला सांगा. दहा सेंटचे दहा खडे मिळून १ कॅरेट भरतं, पण त्यांची किंमत १ कॅरेटच्या एका हिऱ्याच्या जवळपासही जात नाही.