सांडलेल्या ॲसिडवर कॉस्टिक नको

ताई, प्रयोगशाळेत सल्फ्युरिक ॲसिड सांडलं तर त्यावर कॉस्टिक सोडा (जहाल अल्कली) टाका, असं या चर्चेत वर कुणीतरी सुचवलंय. कृपा करून तसं करू नका. दोन्ही जहाल, एकत्र आले की एवढी उष्णता निघते की थेंब तोंडावर उडतात. आधी कोरडी रेती, मग खायचा सोडा कडेकडेने, फसफस थांबेपर्यंत.

ॲसिड पातळ करताना 'पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही' हे पोरं घोकतात, पण कारण कुणी सांगत नाही. ९८ टक्क्यांच्या सल्फ्युरिकची घनता १.८४, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. वरून पाणी ओतलं तर ते हलकं म्हणून वरच राहतं, तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिड घेऊन उसळतं. उलट ॲसिड पाण्यात खाली बसतं, काचकांडीने ढवळलं की उष्णता पसरते. बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवायचा. मेजरिंग सिलिंडरमध्ये (मापाच्या उंच काचनळीत) मात्र हे मिसळणं कधीच नको, बूड तडकतं.

आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर वेगळीच भानगड. बूच सैल राहिलं तर सल्फ्युरिक हवेतलं पाणी ओढून घेतं. बाटलीवर ९८ लिहिलेलं असतं, आत तेवढं उरत नाही. बाटली प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा, मानेला धरून उचलू नका. पातळ नायट्राइल हातमोज्यांवर फार भिस्त नको, निओप्रीनचे घ्या (दोन्ही कृत्रिम रबराचे प्रकार).

अंगावर उडालं तर कपडे काढून धारेखाली निदान १५ मिनिटं. कातडीवर सोडा चोळायचा नाही. आणि पावसात वीज गेली की पंप बंद, म्हणून प्रॅक्टिकलआधी नळ सोडून बघाच.